जावरच्या भट्ट्या: वाफेतून धातू धरणारी विद्या

माणसाच्या हाती धातू कोणत्या क्रमाने आले याचा विचार करताना आपण नकळत एक साधा हिशेब गृहीत धरतो. जे धातू कमी उष्णतेला वितळतात ते आधी मिळाले असतील आणि भट्ट्या जसजशा जास्त तापू लागल्या तसतसे बाकीचे हाती आले असतील, असा तो हिशेब. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. तांब्याला १०८५ अंश लागतात आणि लोखंडाला १५३८. या यादीत जस्ताची जागा शिशाच्या शेजारी आहे, कारण ते ४२० अंशांच्या आतच पाणी होते. म्हणजे ते तांब्याच्या कितीतरी आधी मिळायला हवे होते. इतिहास मात्र नेमका उलटा घडला. तांबे गाळण्याची विद्या सहा-सात हजार वर्षांची आहे, लोखंडाची तीन हजारांहून अधिक वर्षांची. शुद्ध जस्त कारखान्याच्या प्रमाणावर काढणे जगाला जमले ते गेल्या सात-आठशे वर्षांतच. इंग्लंडमध्ये न्यूकमेनचे वाफेचे इंजिन १७१२ साली खाणीतले पाणी उपसू लागले होते, आणि तिथे जस्ताचे उत्पादन सुरू व्हायला आणखी तीस वर्षे जावी लागली. हा उलटा क्रम नीट समजून घेतला तर धातुविद्येचा इतिहास केवळ आगीच्या तीव्रतेवर मोजण्याची आपली सवय चुकीची ठरते. पदार्थ कोणत्या अवस्थेत आहे आणि त्याला हव्या त्या अवस्थेत कसे आणायचे, हे ओळखण्याची विद्या आगीहून वेगळी आहे आणि काही वेळा तिच्याहून मोठीही. राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर अरवलीच्या डोंगरांत जावर नावाचे गाव आहे. तिथल्या जुन्या भट्ट्या याचा सर्वांत भक्कम पुरावा आहेत.

अडचण नेमकी कुठे होती ते आधी पाहू. जावरच्या खाणीत जस्त गंधकाशी जखडलेले सापडते. हे खनिज हवेत भाजले की गंधक निघून जातो आणि जस्ताचे ऑक्साइड उरते. मग कोळशाने त्यातला ऑक्सिजन ओढून घ्यायचा. तांब्यासाठी आणि शिशासाठी जगभर हीच रीत होती. परंतु जस्ताच्या ऑक्साइडवर कोळशाची मात्रा चालायला सुमारे हजार अंशांची उष्णता लागते आणि जस्त स्वतः ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे धातू मोकळा होतो त्या क्षणी तो घन नसतो, द्रवही नसतो. तो वाफ होऊनच जन्माला येतो. तांब्याच्या भट्टीत तळाशी रस साठतो, लोखंडाच्या भट्टीत गोळा मिळतो. जस्ताच्या भट्टीत तळाशी काहीच नसते. एक किलो घन जस्त जेमतेम १४० मिलिलिटर जागा व्यापते, कारण त्याची घनता पाण्याच्या सात पटींहून थोडी जास्त आहे. तेच एक किलो हजार अंशांना वाफ झाले की त्याला सुमारे सोळाशे लिटर जागा लागते. घनता दहा हजार पटींहून अधिक घसरते आणि हातात पेलायला जड असा धातू आपल्या नेहमीच्या हवेहूनही विरळ होतो. ही वाफ उघड्या भट्टीतून वर गेली की वाटेत तिला हवा भेटते, ती पुन्हा जळते आणि पांढऱ्या भुकटीच्या रूपाने भट्टीच्या भिंतींवर बसते. भट्टी कितीही तापवली तरी हाती राखच येणार. आग वाढवली तर धातू आणखी वेगाने पळणार.

प्राचीन जगाने या अडचणीला सरळ बगल दिली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पण पितळ करायला सुटे जस्त लागत नाही. तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद मुशीत एकत्र तापवले की निघालेली वाफ तांबे शोषून घेते. रोमन साम्राज्यात या रीतीने पितळेची नाणी पाडली गेली. इराणात भट्टीच्या भिंतींवर बसणारी पांढरी भुकटी खरवडून औषधासाठी विकली जाई आणि मार्को पोलोनेही त्या कामाचे वर्णन केले आहे. या लोकांनी जस्ताची वाफ वापरली, तिची राखही विकली. फक्त त्या वाफेमागे एक स्वतंत्र धातू आहे, तो वेगळा काढून पाट पाडून विकता येईल, इथपर्यंत त्यांची मजल गेली नाही. तक्षशिलेच्या उत्खननात मिळालेल्या एका पितळी पात्रात सुमारे ३४ टक्के जस्त आहे. मुशीच्या रीतीने इतके प्रमाण सहसा साधत नाही, म्हणून ख्रिस्तपूर्व काळातच आपल्याकडे सुटे जस्त मिळत होते असा दावा काही जण करतात. एका पात्रावर एवढी मोठी इमारत उभी करू नये, असे मला वाटते. मुशीची रीत चांगल्या हातात नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकते. शिवाय थोडे जस्त अपघाताने कुठे थिजले असेल, तर त्यावरून उद्योग सिद्ध होत नाही. जावरचे मोल अशा दाव्यांवर अवलंबून नाही. तिथे जे मिळाले ते एका पात्रापुरते नाही, डोंगरभर पसरलेले आहे.

जावरच्या परिसरात हजारो वापरलेल्या मातीच्या मुशींचे ढिगारे पिढ्यान्‌पिढ्या पडून होते. गावातल्या जुन्या भिंती आणि बांध त्याच मुशी विटांसारख्या रचून उभारलेले आहेत. टाकाऊ मालाचे वजन सहा लाख टनांच्या घरात असावे असा अंदाज अभ्यासकांनी वर्तवला आहे. इथल्या खाणी त्याहून जुन्या आहेत. खोल भागात सापडलेल्या लाकडी आधारांचे कार्बन पद्धतीने केलेले कालमापन ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या आसपास जाते. त्या काळी तिथे मुख्यतः शिसे आणि चांदीसाठी काम चालत असावे. जस्ताचा कारखाना मध्ययुगातला, साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकांत भरभराटीला आलेला. १९८३ साली हिंदुस्थान झिंक, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या संयुक्त पथकाने तिथे उत्खनन केले. के. टी. एम. हेगडे, पॉल क्रॅडॉक, लिन विलीज, एल. के. गुर्जर या अभ्यासकांच्या कामातून ओळीने बांधलेल्या सात भट्ट्यांची रांग उजेडात आली. भट्टीच्या बैठकीवर ३६ मुशींची जागा होती, सहा ओळींत सहा-सहा. म्हणजे एका वेळी एका रांगेत २५२ मुशी तापत. हौशी प्रयोगाचे हे प्रमाण नव्हे. ठरलेल्या मापाचे, रोजच्या पाळ्यांचे हे काम आहे.

भट्टीची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. प्रत्येक भट्टी दोन मजली. वरच्या दालनात आग, खालच्या दालनात गारवा आणि मध्ये भाजक्या मातीची जाड, भोकांची बैठक; तिची बाजू जेमतेम ६५ सेंटिमीटर. मूस लांबट वांग्याच्या आकाराची, साधारण ३० सेंटिमीटर लांब. तिच्यात भाजलेल्या खनिजाची पूड, कोळसा, डोलोमाइटसारखा चुनखडक आणि थोडे मीठ यांचे मिश्रण भरायचे. मग तिच्या तोंडाला नरसाळ्यासारखी मातीची नळी लिंपून बसवायची. आता ही भरलेली मूस उलटी करून बैठकीत बसवायची: पोट वर आगीत, नळी मोठ्या भोकातून खाली गार दालनात. उलटी केल्यावर आतला माल खाली सांडणार, म्हणून तोंडात एक बारीक काठी किंवा बोरू खोचलेला असे. भट्टी तापेपर्यंत तो माल धरून ठेवी. माल तापून एकमेकाला चिकटला की बोरू जळून जाई आणि त्याने अडवलेल्या जागीच वाफेला बाहेर पडायला वाट तयार होई. जळून नाहीशी होण्यातच त्या काठीचे काम होते. बैठकीत मोठ्या भोकांच्या आजूबाजूला लहान भोकेही होती. त्यांतून हवा वर जाई आणि राख खाली पडे, म्हणून मुशींच्या मधल्या फटी चोंदत नसत. मुशीच्या बाहेरच्या अंगावर कोळशाच्या राखेची काच चढे आणि मातीची छिद्रे बुजून मूस वायुरोधक होई.

इथे एक शंका रास्त आहे. तापलेली वाफ वर जाते हे सर्वांना ठाऊक. मग ती खाली कशी जाईल? उत्तर असे की उघड्या जागेचा नियम बंद भांड्याला लागू होत नाही. मुशीत क्षणोक्षणी जस्ताची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत राहतात, त्यांचा दाब वाढतो आणि त्यांना बाहेर पडायला एकच वाट आहे, ती खाली. कार्बन मोनॉक्साइडचा हा लोट आणखी एक काम करतो: बाहेरच्या हवेला आत शिरू देत नाही आणि त्यामुळे नळीत वाफ पुन्हा जळत नाही. खालच्या दालनात तापमानाचा खरा कस लागतो. नळी फार तापली तर वाफ वाफच राहणार. ४२० अंशांखाली उतरली तर धातूचे थेंब न होता भुकटी होऊन नळी तुंबणार. वरच्या दालनात अकराशे अंशांच्या पुढे आग, हातभर खाली पाचशेच्या आसपास गारवा, आणि हे दोन्ही काही तास टिकवायचे, तेही छत्तीस मुशींसाठी सारखेच. तापमापक नव्हता. ज्योतीचा रंग, मातीची जाडी, भोकांची रुंदी आणि कोळशाचा भर एवढ्यावर हे साधत होते. भाताच्या झाकणावर जमलेले पाणी पाहून वाफ थिजते हे कोणीही सांगेल. पण ती थिजण्याची जागा आणि उष्णता ठरवून त्यावर कारखाना चालवणे ही वेगळी पायरी आहे. म्हणूनच म्हणतो, इथे केवळ आगीवर नव्हे, तर पदार्थाच्या अवस्थांवर हुकमत होती.

ही विद्या कारागिरांची की रसशास्त्राच्या पंडितांची, हा पुढचा प्रश्न. ‘रसरत्नसमुच्चय’ या साधारण तेराव्या शतकातल्या ग्रंथात खनिजापासून जस्त काढण्याची कृती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या आनंदाश्रमाने हा ग्रंथ छापला, आणि आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात त्याची दखल घेतली. ग्रंथातली मूस वांग्याच्या आकाराची आहे, तिला नळी आहे, ज्योत निळ्याची पांढरी झाली की काम झाले असे ओळखायला सांगितले आहे. दुसऱ्या कृतीत तर भोकांची बैठक आणि तिच्याखाली पाण्याचे भांडे आहे. उत्खननात मिळालेल्या वस्तूंशी हे वर्णन इतके जुळते की दोघांचा संबंध नाकारता येत नाही. म्हणून काही जण जावरला ग्रंथाची अंमलबजावणी मानतात. मला हे उलटेही तितकेच संभवनीय वाटते. ग्रंथातल्या मिश्रणात हळद, हिरडा, राळ, लाख असे पदार्थ येतात. ते वैद्याच्या खोलीतले आहेत, डोंगरावर टनांनी काम करणाऱ्याच्या कामाचे नाहीत. जावरच्या मुशीत डोलोमाइट आहे, म्हणजे हाताशी मिळणारा खडक. जळून जाणारा बोरू, राख गाळणारी भोके, छत्तीसचे माप या गोष्टी पोथीतून येत नाहीत. त्या शेकडो फसलेल्या भट्ट्यांतून येतात. पंडित आणि कारागीर एकमेकांकडून शिकले असे मानणे पुराव्याला सर्वांत जवळचे आहे. मात्र उद्योगाचे श्रेय कारागिरांचेच.

हे श्रेय त्यांना नीट मिळाले नाही याचे एक कारण जस्ताच्या घनतेतच आहे. शिसे हाती घेताच कळते, कारण ते पाण्याच्या अकरा पटींहून जड. पण जस्त ७.१ आणि कथील ७.३, दोन्ही पांढुरकी, दोन्ही सहज वितळणारी. वजनाच्या अंदाजाने ती वेगळी ओळखणे अशक्यच. फरक कळतो तो मोडून पाहिल्यावर: कथील वाकते, जस्ताचा पाट थंड असताना तडकतो आणि आत चकाकणारे स्फटिक दिसतात. राजस्थानचा इतिहास लिहिणारा कर्नल टॉड जावरला चांदीच्या आणि कथलाच्या खाणी असल्याचे सांगतो. तिथे कथील नाही. टॉडच्या लेखी जस्तच कथील झाले. अबुल फझल त्याच्याहून दोनशे वर्षे आधीचा. त्याने ‘आईन-ए-अकबरी’त जस्त हा स्वतंत्र धातू म्हणून नोंदवला. जुन्या विद्वानांच्या ग्रंथांत तो आढळत नाही आणि त्याची खाण अजमेर सुभ्यात आहे, असे तो लिहितो. जो धातू विद्वानांच्या यादीत नव्हता, तो बाजारात होता.

यावर गंभीर आक्षेप असा येतो की सिद्धांताशिवायची हुकमत म्हणजे विज्ञान नव्हे. घन, द्रव, वायू या अवस्थांची मांडणी, उकळण्यात लपून राहणाऱ्या उष्णतेचे मापन, वायू म्हणजे काय याचे स्पष्टीकरण हे सारे सतराव्या-अठराव्या शतकांतल्या युरोपातले काम आहे. व्हॅन हेल्मोंट, ब्लॅक, लाव्हाझिए यांचे. हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. जावरच्या कारागिराने उकळबिंदू मोजला नाही, आणि वाफ म्हणजे काय हे त्याने लिहून ठेवले नाही. त्याला आधुनिक रसायनशास्त्रज्ञ ठरवणे म्हणजे त्याचाही अवमान आणि शास्त्राचाही. पण ज्ञान म्हणजे फक्त मांडलेला सिद्धांत, ही व्याख्या फार अरुंद आहे. दृष्टीआड असलेली, हात लावता न येणारी अवस्था ओळखून तिला वाट देणारी भट्टी बांधणे हे केवळ चाचपडण्याने होत नाही. त्यामागे ‘धातू नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या रूपात कुठेतरी आहे’ अशी पक्की समजूत हवी. त्या समजुतीला सूत्र नव्हते; पण ती खोटी नव्हती.

दुसरा आक्षेप तुलनेचा. चीनमध्येही मिंग काळात जस्ताचे प्रचंड उत्पादन होत होते. सुंग यिंग-शिंगच्या १६३७ सालच्या ग्रंथात त्याची कृती आहे आणि तांब्याने न बांधलेले जस्त आगीत धूर होऊन उडते हेही त्यात नोंदवले आहे. मग जावरचे विशेष ते काय? विशेष रीतीत आहे. चिनी मूस उभी असते, वाफ वर चढते आणि मुशीच्याच वरच्या भागातल्या कप्प्यात थिजते. जावरची वाफ खाली उतरते. एकाच कोड्याची ही दोन वेगळी उत्तरे आहेत, म्हणून एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे म्हणायला आधार नाही. इंग्लंडचे तसे नाही. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ साली पेटंट घेतले. त्याच्या भट्टीतही वाफ मुशीच्या तळाच्या नळीतून खालीच उतरत होती. हे साम्य लक्ष वेधून घेते आणि आशियातून ही माहिती पोचली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. परंतु ती कोणामार्फत पोचली याचा थेट पुरावा पुढे आलेला नाही, म्हणून ‘इंग्रजांनी चोरले’ असे छातीठोकपणे सांगणे बरोबर नाही. संभव आहे, एवढेच म्हणावे. जावरचे मोठेपण चॅम्पियनच्या ऋणावर उभे नाही.

एवढे साधूनही उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विझला. त्याची नेहमी दिली जाणारी दोन कारणे म्हणजे मेवाडवरच्या मराठ्यांच्या स्वाऱ्या आणि १८१२ च्या सुमाराचा दुष्काळ. मराठी वाचकाने पहिल्या कारणाकडे पाठ फिरवू नये. शिंदे आणि होळकरांच्या फौजांनी मेवाडकडून वारंवार खंडण्या वसूल केल्या आणि त्यात ते राज्य खंक झाले. खाणीत पाणी उपसायला, कोळसा पुरवायला, मुशी घडवायला शेकडो माणसे रोज लागतात; राज्य कोलमडले की अशी साखळी आधी तुटते. परंतु हेच एकमेव कारण मानणेही पुरेसे नाही. अठराव्या शतकात चिनी जस्त कँटनहून जहाजांनी भारताच्या बंदरांत उतरत होते आणि १८२० च्या दशकात सायलेशियाचे स्वस्त जस्त येऊन त्याने चिनी मालालाही हटवले. जावर शांततेत असते तरी या बाजारापुढे टिकणे कठीण गेले असते. शिवाय भट्टीचे सारे गुपित हातांत होते. हात पांगले तेव्हा विद्याही पांगली, आणि पुढे ती समजून घ्यायला राखेचे ढिगारे उकरावे लागले.

बिदरचे कारागीर आजही बहुतांश जस्ताच्या ओतीव धातूवर चांदीची तार बसवतात, आपल्या छपरांवरचे पत्रे जस्ताच्या मुलाम्यामुळे गंजत नाहीत, आणि जावरच्या खाणींतून खनिज आजही निघते. जस्त आता बहुतेक ठिकाणी विजेच्या साहाय्याने काढले जाते; वाफ करण्याची गरजच उरलेली नाही. म्हणजे जावरची रीत जुनी झाली. तिचा धडा मात्र जुना झालेला नाही. आपल्या शाळांत पदार्थाच्या तीन अवस्था शिकवताना बर्फ, पाणी आणि वाफ यांपलीकडे आपण सहसा जात नाही, आणि धातुविद्येचा अभिमान सांगताना दिल्लीच्या लोहस्तंभापाशी थांबतो. त्या पाठात जावरची उलटी मूस यायला हवी. आणि जावरच्या परिसरात उरलेल्या मुशींच्या भिंती व ढिगारे जपले पाहिजेत. ज्या विद्येचे पुस्तक कारागिरांनी लिहिले नाही, तिचे मूळ पुस्तक तेच आहे.